शालेय उत्सवातील बँड आणि ॲनिमेची गाणी

बँड हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात, झगमगीत गणवेश आणि क्लॅरिओनेटवर वाजणारे एखादे चालू गाणे उभे राहते. आज ज्या बँडविषयी बोलावयाचे आहे, तो निराळा. जपानमधील एखाद्या हायस्कुलातील चार-पाच विद्यार्थी, दोन गिटारी, एक बेस गिटार, ड्रमचा एक संच, क्वचित जोडीला कळफलकाचे वाद्य, आणि एक गळा, एवढाच त्याचा संसार. शाळेच्या उत्सवात या संसाराला पंधरा-वीस मिनिटे रंगमंच मिळतो. तेवढ्या वेळात तीन, फार तर चार गाणी बसतात. ती कोणती असावीत, याचा खल मुलांमध्ये कित्येक दिवस चालतो. आणि हल्लीच्या काळात त्या तीनचारांपैकी एखादे तरी ॲनिमेतले, म्हणजे जपानी रेखाटित चित्रमालिकांतले, असावे असा कोणाचा तरी आग्रह असतोच. हा आग्रह कसा पुरवावा, आणि कोठे मोडून काढावा, याचा थोडा विचार आज करू.

प्रथम उत्सवाविषयी. त्याला जपानीत 'बुन्कासाई' म्हणतात; बुन्का म्हणजे संस्कृती आणि साई म्हणजे उत्सव. नोव्हेंबरची ३ तारीख हा जपानमध्ये संस्कृतिदिनाच्या सुट्टीचा दिवस आहे. पुष्कळ शाळांचे उत्सव त्याच्या आगेमागे, सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंतच्या हवेशीर दिवसांत भरतात. आपल्याकडील स्नेहसंमेलनाशी त्याचे नाते आहे, परंतु पाहुण्यांची भाषणे व बक्षीससमारंभ यांपेक्षा मुलांचा स्वतःचा कारभार तेथे अधिक. एक वर्ग चहाचे दुकान मांडतो, दुसरा आपल्या खोलीत काळोख करून भुताटकीचे घर उभारतो. आईबाप, धाकटी भावंडे, पुढील वर्षी या शाळेत यावे की काय याचा अंदाज घेणारी मुले, सारी हिंडत असतात. व्यायामशाळेच्या एका टोकास असलेल्या मंचावर नाटके, समूहगाने व वाद्यमेळ होतात. तेथेच 'केइओन्गाकुबु', म्हणजे सुगम वाद्यसंगीताचे मंडळ, आपले बँड उतरविते.

आता यात पणास काय लागलेले असते ते पाहा. शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. पहिल्या वर्षाच्या ज्या मुलाने एप्रिलमध्ये जन्मात प्रथम गिटार हाती धरली, त्याला उत्सवापर्यंत जेमतेम सहा-सात महिने मिळतात, त्यांतही परीक्षा येतात. उलट, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांपुढे विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षा उभ्या असतात. त्यांना मंडळातून निवृत्त व्हावे लागते, आणि कित्येक शाळांत ही निवृत्ती उत्सवाच्या मंचावरच होते. एकाच बँडमध्ये ही दोन्ही टोके असू शकतात. एकाला आयुष्यात प्रथमच चारचौघांसमोर वाजवावयाचे आहे, दुसऱ्याला या सोबत्यांबरोबर बहुधा शेवटचे. दुसऱ्या प्रयोगाची सोय नाही. म्हणून गाण्याची निवड चुकली तर त्याचे शल्य, वरून दिसते त्याहून, पुष्कळ खोल जाते.

ॲनिमेच्या गाण्यांचा इतिहास थोडक्यात सांगावयास हवा, कारण निवडीतला पुष्कळसा घोटाळा तेथूनच उद्भवतो. दर आठवड्यास दूरचित्रवाणीवर येणारी अर्ध्या तासाची 'तेत्सुवान आतोमु' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाली. तिचे सुरुवातीचे संगीत आरंभी निव्वळ वाद्यांचे होते. पुढे त्याला शब्द लाभले, ते तानिकावा शुंतारो या नामवंत कवीचे. त्या काळची गाणी मुलांनी एकत्र म्हणावयाची, नायकाच्या पराक्रमाची. १९७० नंतरच्या दशकात मिझुकी इचिरो व सासाकी इसाओ यांच्यासारख्या भरदार आवाजांच्या गायकांनी यंत्रमानवांच्या व अंतराळनौकांच्या गाण्यांना एक वीररसाचा बाज दिला. त्यानंतर ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्यांच्या ध्यानात आले की, मालिकेच्या आरंभी व शेवटी वाजणारे गाणे ही विक्रीची फार मोठी संधी आहे. तेव्हापासून लोकप्रिय गायकांची व बँडची नवी गाणी मालिकांस जोडली जाऊ लागली. मग त्यांच्या शब्दांचा कथेशी संबंध असो वा नसो. १९९३ साली सुरू झालेली 'स्लॅम डंक' ही मालिका बास्केटबॉलच्या सामन्यांची. परंतु तिचे प्रारंभगीत म्हणजे सरळसरळ प्रेमाची कबुली. कोणाचीही तक्रार आली नाही, आणि गाणे अजून गायिले जाते.

याचा अर्थ असा की, 'ॲनिमेचे गाणे' हा संगीताचा प्रकारच नव्हे. ते फक्त गाण्याचे बिऱ्हाड झाले. चार वादकांच्या बँडने रचलेले गाणेही तेथे राहते आणि संगणकावर पन्नास थर चढवून सिद्ध केलेले गाणेही तेथेच राहते. ऐकणाऱ्या मुलाला दोन्ही सारखीच जवळची वाटतात, कारण दोन्ही त्याने एकाच पडद्यावर ऐकलेली असतात. वाजविणाऱ्याला मात्र त्यांतील अंतर जमीन-अस्मानाचे आहे.

दुसरी एक अडचण लांबीची. मालिकेच्या आरंभीचे गीत साधारणपणे दीड मिनिटाचे असते. तेवढ्यात मुखडा, एक अंतरा आणि शेवटची उसळी बसविलेली असते. पुरे गाणे चार मिनिटांच्या आसपास जाते. श्रोत्यांना पाठ असते ते दीड मिनिट. पुढचा अंतरा, मधला वाद्यांचा तुकडा, आणि अखेरीस अनेकदा पट्टी चढवून घेतलेला मुखडा यांची ओळख फार थोड्यांना असते. आणि गंमत अशी की, गाणे निवडणाऱ्या मुलांनाही ती बहुधा नसते. 'हे आपल्याला येते' असे ज्याच्याविषयी वाटते, ते गाण्याचे पहिले दीड मिनिट असते. यास्तव निवड करावयास बसताना पुरे गाणे, सर्वांनी एकत्र, एकदा तरी शेवटपर्यंत ऐकलेच पाहिजे. दीड मिनिटाची आवृत्ती मंचावर वाजविण्यास काही हरकत नाही. परंतु अशी तीन गाणी लागोपाठ वाजविली तर ऐकणाऱ्यास पानाचा डबा फिरविल्यासारखे वाटते, जेवण झाल्यासारखे वाटत नाही.

परंतु सर्वांत मोठी भुरळ घातली आहे ती खुद्द ॲनिमेने. कारण शाळेचा उत्सव आणि त्यातला बँड हा ॲनिमेचाच एक आवडता प्रसंग आहे. 'सुझुमिया हारुहीचा विषाद' या २००६ सालच्या मालिकेत असा एक भाग आहे. तिसऱ्या वर्षाच्या मुलींच्या बँडमधील दोघीजणी ऐन उत्सवाच्या वेळी दुखण्यामुळे मंचावर उभ्या राहू शकत नाहीत. त्यांच्या जागी नायिका हारुही आणि तिची मैत्रीण नागातो या दोघी ऐनवेळी जाऊन 'गॉड नोज' हे गाणे सादर करतात. गाणे कोसाकी सातोरु यांनी स्वरबद्ध केले, गायिले हिरानो आया यांनी. त्या दृश्यात बोटांच्या हालचाली इतक्या बारकाईने चितारल्या आहेत की, तो प्रसंग पाहून गिटारीकडे वळलेली मुले आजही भेटतात. आता त्यातील मेख पाहा. त्या गाण्यातील गिटारीचा जो झपाट्याचा भाग आहे, तो वाजविणारी नागातो ही कथेत मनुष्यप्राणीच नाही! परग्रहीय शक्तीने घडविलेली ती एक मानवाकृती आहे, आणि म्हणूनच तिला ते एका दमात साधते. ध्वनिमुद्रणात तो भाग अर्थातच एका कसलेल्या व्यवसायी वादकाने वाजविलेला आहे. एप्रिलमध्ये गिटार घेतलेल्या मुलाने ऑक्टोबरात त्याच्याशी झुंज घ्यावी, हे धाडस कौतुकास्पद खरे. परंतु त्या झुंजीत गायिकेचाही बळी जातो, कारण आरंभीच गिटार अडखळली की पुढील सारे गाणे तिला सावरत बसावे लागते.

२००९ सालच्या 'के-ऑन' या मालिकेने याच्या उलट चित्र रंगविले. तेथील मुली सरावापेक्षा चहा व केक यांत अधिक रमतात, आणि दोन लक्ष पन्नास हजार येनची गिटार एकीला पन्नास हजारांत मिळते, कारण दुकान मैत्रिणीच्या वडिलांचे! अशा मैत्रिणी सर्वांना कोठून मिळणार? परंतु त्यातील एक प्रसंग शिकण्याजोगा आहे. पहिल्या उत्सवापूर्वी गाणारी मुलगी अतिसरावाने आपला गळा बसवून घेते, आणि मग अत्यंत लाजाळू अशा बेसवादिकेस गावे लागते. या विनोदामागे एक कठोर सत्य आहे. बोटे सरावाने तयार होतात. गळा मात्र घाई केली की तयार होण्याऐवजी संपावर जातो.

म्हणूनच माझे मत असे आहे की, गाणे निवडण्याचा पहिला अधिकार गाणाऱ्याचा असावा. पुष्कळ बँडमध्ये लोकशाही चालते. प्रत्येकाने आपले एकेक आवडते गाणे सुचवावयाचे व मते घ्यावयाची. दिसावयास हे न्याय्य. पण गिटारवादकाच्या आवडीचे गाणे गळ्याच्या आवाक्याबाहेर असेल तर मतांचा उपयोग काय? ॲनिमेची गाणी गाणारी मंडळी कसलेली असतात, आणि त्यांच्या चाली मुद्दाम उंच स्वरांवर बांधलेल्या असतात, कारण दीड मिनिटात श्रोत्याचे लक्ष खेचून घ्यावयाचे असते. २०१९ सालचे लिसा या गायिकेचे 'गुरेंगे' घ्या. ऐकताना अंगात वीज खेळते. म्हणताना मात्र श्वास घ्यावयास जागा सापडत नाही. एखाद्या मुलाने स्त्रीगायिकेचे गाणे घेतले तर मूळ पट्टीत ते त्याला पेलत नाही, आणि एक सप्तक खाली घेतले तर सारा जोम निघून जाऊन ते पुटपुटल्यासारखे होते. मधली एखादी पट्टी शोधावी लागते. आपल्याकडे पेटीवाल्यास 'काळी दोन ऐवजी पांढरी एक घ्या' म्हटले की काम भागते. तो बापडा हात सरकवतो. गिटारीचे तसे नाही. पुष्कळ गाण्यांतील गिटारीचे तुकडे मोकळ्या तारांच्या झंकारावर बेतलेले असतात. पट्टी बदलली की त्या मोकळ्या तारा हाताशी राहत नाहीत व तुकडा नव्याने बसवावा लागतो. सर्व तारा अर्ध्या स्वराने उतरविणे हा एक सोपा उपाय आहे, आणि तो बराच रूढही आहे. त्याहून अधिक उतरविल्यास तारा ढिल्या पडतात.

पट्टी कोणती हे ठरविण्याची एक सुरेख सोय जपानी मुलांना गावोगाव उपलब्ध आहे, ती म्हणजे कराओकेची खोली. तेथील यंत्रावर मूळ पट्टी एकेक अर्ध्या स्वराने चढविता व उतरविता येते. तेथे जाऊन गाणाऱ्याने एकच गाणे चार पट्ट्यांत म्हणून पाहावे, आणि शेवटचा मुखडा कोणत्या पट्टीत न ओरडता निघतो ते टिपून घ्यावे. मात्र ते यंत्र आवाजाला गोड घुमारा देते, आणि मनुष्य खुर्चीत निवांत बसलेला असतो, हे विसरू नये. मंचावर तेच गाणे तिसऱ्या क्रमांकाचे, घाबरलेल्या श्वासाने, उभ्याने म्हणावयाचे असते. यास्तव कराओकेत जी पट्टी जमली तिच्याहून अर्धा स्वर खालची धरणे शहाणपणाचे.

गळ्यानंतर ड्रमवादकाचा विचार. नवशिक्या बँडची लय नेहमी पळते, आणि ती पळविणारा बहुधा ड्रमवादकच असतो. 'किमी नो ना वा' हा शिंकाई माकोतो यांचा चित्रपट ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे उत्सवांच्या हंगामाच्या तोंडावर, प्रदर्शित झाला. त्यातील रॅडविम्प्स या बँडचे 'झेन्झेन्झेन्से' हे गाणे शालेय बँडच्या फार आवडीचे आहे. त्याची लय मिनिटास सुमारे १९० मात्रांची. इतक्या वेगात ठेका धरून ठेवणे हेच कष्टाचे. त्यात लय पळाली तर गाणाऱ्याच्या तोंडात शब्दच मावत नाहीत. शिवाय व्यायामशाळा ही काही संगीतगृह नव्हे. उंच छत, लाकडी जमीन, उघड्या भिंती. आवाज आपटतो, परततो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. जलद ठेक्याचे गाणे तेथे मागील रांगांस निव्वळ गडगडाटासारखे ऐकू येते. मध्यम लयीचे गाणे निवडल्याने कमीपणा येत नाही, उलट शब्द पोचतात.

आता वाद्यांचा मेळ. मी एक साधी परीक्षा सुचवितो: गाणे एका गिटारीवर व एका गळ्यावर म्हणून पाहावे. उभे राहिले तर बाकीची वाद्ये त्याला बळ देतील. न राहिले तर चार वाद्येही ते उचलू शकणार नाहीत. 'इव्हँगेलियन' या १९९५ सालच्या मालिकेचे ताकाहाशी योको यांनी गायिलेले प्रारंभगीत या परीक्षेत उत्तम उतरते. मूळ ध्वनिमुद्रणातला वाद्यांचा सारा साज काढून घेतला तरी चाल ताठ उभी राहते, आणि ते गाणे आईबापांनाही ठाऊक असते. उलट, २०२३ साली 'ओशी नो को' या मालिकेबरोबर आलेले योआसोबी यांचे 'आयडॉल' पाहा. ते अत्यंत कुशल गाणे आहे. परंतु त्याची जादू संगणकावर रचलेल्या नादांत, एकाएकी बदलणाऱ्या पट्ट्यांत आणि भराभर म्हटलेल्या शब्दांत आहे. कळफलक नसलेल्या बँडने ते घेतले तर हाती सांगाडाच उरतो. ज्यांना ते घ्यावयाचेच असेल त्यांनी साहाय्यक ध्वनिमुद्रण सोबत वाजवावे. मात्र ड्रमवादकाने त्या मुद्रणाच्या लयीशी शेवटपर्यंत इमान राखले पाहिजे, आणि ते फार कठीण आहे.

सर्वांत सुखाची निवड म्हणजे जी गाणी मुळातच चार वादकांच्या बँडने रचली ती. एशियन कुंग-फू जनरेशन हा बँड १९९६ साली योकोहामा येथील कान्तो गाकुइन विश्वविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीच स्थापन केला. त्यांचे 'रीराइट' हे गाणे २००४ साली 'फुलमेटल अल्केमिस्ट' या मालिकेस लावले गेले. दोन गिटारी, एक बेस, एक ड्रम; ध्वनिमुद्रणात जे आहे ते सारे मंचावर आणता येते. मुखड्यातील आरोळी मात्र जपून मारावी. २०२२ सालच्या 'बोच्ची द रॉक' या मालिकेतील चार मुलींची आडनावे याच बँडच्या चौघांवरून घेतली आहेत, हे जाणत्या श्रोत्यांना ठाऊक असते, आणि मंचावरून त्याचा नुसता उल्लेख केला तरी सभागृहात खसखस पिकते.

त्या मालिकेच्या शेवटच्या भागातही शाळेचा उत्सव आहे, आणि इतर सर्व दृश्यांपेक्षा मला तो अधिक खरा वाटतो. दुसऱ्या गाण्याच्या मध्यास नायिकेच्या गिटारीची एक तार तुटते, दुसरी जुळेनाशी होते. तिच्या एकल वादनाची वेळ येऊन ठेपलेली! तेव्हा जोडीदारीण, जी अवघ्या काही महिन्यांपूर्वी गिटार शिकू लागलेली आहे, आपला साधा ठेक्याचा भाग लांबवून तिला अवधी मिळवून देते. आणि नायिका जवळ पडलेला साकेचा काचेचा पेला तारांवर घासत आपला भाग पुरा करते. चित्रातली गोष्ट म्हणून ती सोडून देऊ नये. गाणे असे निवडावे की, एक वाद्य थांबले तरी दुसऱ्याला आठ मात्रा तेच तेच वाजवीत राहता येईल. ज्या गाण्यात प्रत्येक क्षणी प्रत्येकाचे काही अवघड काम आहे, त्यात अपघाताला जागा नसते, आणि शाळेच्या मंचावर तार तुटणे, वायर निघणे, ध्वनिक्षेपक किंचाळणे हे तर ठरलेलेच.

ॲनिमेबाहेरचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. यामाशिता नोबुहिरो यांच्या २००५ सालच्या 'लिंडा लिंडा लिंडा' या चित्रपटात गिटारवादिकेच्या बोटास दुखापत होऊन बँड मोडतो; उत्सव तीन दिवसांवर येतो. उरलेल्या मुली ब्लू हार्ट्स या बँडची गाणी घेतात, आणि गाण्यासाठी शाळेत शिकावयास आलेल्या एका कोरियन मुलीस उभे करतात, जिला जपानी भाषाही पुरती येत नाही. मोजके स्वर, सरळ ठेका, सर्वांना म्हणता येईल असा मुखडा. म्हणून तर तीन दिवसांत ती गाणी उभी राहतात.

कायद्याची बाजू सोपी आहे. जपानच्या १९७० सालच्या लेखाधिकार कायद्याच्या ३८व्या कलमाप्रमाणे नफ्याचा हेतू नसेल, प्रेक्षकांकडून शुल्क घेतले नसेल आणि वादकांना मोबदला दिला नसेल, तर प्रसिद्ध झालेले गाणे परवानगीवाचून सादर करता येते. शाळेचा उत्सव बहुधा या तिन्ही अटींत बसतो. त्या प्रयोगाची चित्रफीत इंटरनेटवर चढविणे ही मात्र निराळी गोष्ट. तिला ही सवलत लागू नाही, आणि मूळ ध्वनिमुद्रण सोबत वाजविले असेल तर ज्या कंपनीचे ते मुद्रण तिचाही प्रश्न येतो.

राहता राहिला क्रम. पहिले गाणे असे असावे की, श्रोत्यांनी दोन ओळींत ओळखावे आणि वादकांनी झोपेतही वाजवावे. कारण त्या वेळी हात थंड असतात. इव्हँगेलियनचे गीत या जागी चपखल बसते. अवघड गाण्याची हौस असेल तर ती दुसऱ्या क्रमांकावर भागवावी. शेवटी काय घ्यावे, हे ठरविण्याचा मान तिसऱ्या वर्षाच्या मुलांना द्यावा. 'सीक्रेट बेस' हे गाणे या जागी वारंवार का निवडले जाते, हे समजण्यासारखे आहे. २००१ साली झोन या मुलींच्या बँडने ते गायिले. उन्हाळा सरताना ताटातूट होणाऱ्या सवंगड्यांचे ते गाणे. २०११ साली 'आनोहाना' या मालिकेच्या अखेरीस तेच नव्याने गायिले गेले. आईबापांना ते पहिल्या रूपात आठवते, मुलांना दुसऱ्या. लय संथ, स्वरमेळ सोपे, आणि एप्रिलमध्ये गिटार धरलेल्या मुलासही त्यात मान वर करून शेजारच्याकडे पाहण्याइतकी उसंत मिळते. फक्त तारा आधीच्या दोन गाण्यांच्याच जुळवणीत राहतील अशी पट्टी धरावी. शेवटच्या गाण्यापूर्वी चौघे खाली माना घालून तारा पिळीत बसले, तर तेवढ्या शांततेत मागील रांगा उठून भुताटकीच्या घराकडे चालू लागतात.